न लवलेली पापणी

बडोद्याच्या वाघोडिया रोडवरच्या त्या पार्टी प्लॉटमध्ये रविवारी सकाळी नऊ वाजता पाय ठेवायला जागा नव्हती. लग्नाला घालतात तसा मांडव, लाल गालिचा, आणि गालिच्यावर दीड-दोन हजार माणसं. कुणी काळा चष्मा लावलेलं, कुणी पदराने डोळे टिपणारं, कुणी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून चाचपडत आलेलं. प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समधले लोक होते, आणि मांजलपूरची आमची सोसायटी तर जवळजवळ अख्खी होती, कारण आमचे सेक्रेटरी उदयसिंहराव यांनी मिनीबसच ठरवली होती. व्यासपीठावर नेत्रानंदबापू रडत बसले होते.

साधंसुधं रडणं नव्हतं ते. दोन्ही डोळ्यांना धारा लागलेल्या, आणि हनुवटीखाली चांदीची वाटी. मधूनमधून एक सेवक त्यांच्या चेहऱ्यावरून भगवा रुमाल फिरवी आणि धारांना नवा जोर चढे. वाटीतलं ते 'करुणाजल' बापू पळीने समोरच्या माणसाच्या डोळ्यांत सोडत, डोळे मिटून मंत्र म्हणत, आणि मग मोरपीस उचलत. ते मोरपीस ते त्या माणसाच्या उघड्या बुबुळावरून फिरवत. पापणी लवत नसे.

माझं मांजलपुरात चष्म्याचं दुकान आहे. पंचवीस वर्षं माणसांचे डोळे बघतोय. डोळ्याच्या जवळ बोट नेलं तरी पैलवान डोकं मागे घेतो, आणि इथे सत्तरीतली बाई बुबुळावर मोरपीस फिरू देत शांत बसली होती. मी नास्तिक माणूस, पण क्षणभर माझाही आ वासला.

"जोयुं ने? आ आंख हवे कोईथी बीती नथी," बापू माइकवर म्हणाले. मग मराठी मंडळींकडे वळून, "हा डोळा आता कोणाला भीत नाय. अभयनेत्र झाला. कसं वाटतं, माजी?"

"खुपत होतं ते गेलं," ती बाई म्हणाली. "एकदम गार वाटतं."

टाळ्या पडल्या. बापूंनी मागच्या फलकाकडे हात केला. त्यावर एका वर्तमानपत्राचं कात्रण मोठं करून छापलं होतं: बडोद्याच्या संशोधक बाईंनी डोळ्याच्या पडद्यात नव्या पेशी रुजवण्याचे प्रयोग केल्याची बातमी, बाईंच्या फोटोसकट. खाली लाल अक्षरांत, 'विज्ञान जे उद्या करणार, ते बापू आज करतात.'

"सायन्सवाले उंदराच्या डोळ्यात पेशी टाकतात," बापू म्हणाले. "पंधरा वरस झाले. उंदीर अजून पेपर वाचत नाय."

मांडवभर हशा झाला. त्यात सगळ्यात मोठ्याने हसलो तो मी, कारण फोटोतली ती बाई माझी मेहुणी होती.

आता हे सांगितलंच पाहिजे. निरुपमा आणि मी एम.एस्सी.ला एका वर्गात होतो. बी.एस्सी.ला मी पहिला आणि ती दुसरी. तिच्या नोट्स मागायला तिच्या घरी जायचो, तिथे तिची थोरली बहीण मंदाकिनी भेटली आणि पुढे आमचं लग्न झालं. निरुपमा संशोधनाला परदेशी गेली, परत येऊन इथे तिने प्रयोगशाळा उभी केली, आणि मी वडिलांच्या दुकानात काचा घासायला बसलो. वडील आजारी होते, दुसरा इलाज नव्हता, सगळं खरं. पण सोसायटीत कुणी "तुमच्या मेहुणीबाईंचं पेपरात आलंय" म्हटलं की माझ्या पोटात दुखतं ते दुखतंच. भोंदू बापूच्या फलकावर झळकायचं तर तिथेही तिचाच फोटो, हा विचार त्या मांडवात माझ्या मनात आला. यावरून काय ते समजा.

मंदाला तिथे आणलं होतं ते तिच्या कोरड्या डोळ्यांनी. तिला जो रोग आहे त्यात शरीराचे पहारेकरी भलत्यालाच चोर समजून आपल्याच अश्रुग्रंथींवर तुटून पडतात. अश्रू तयार होणं थांबतं. डोळ्यांत सतत वाळू असल्यासारखं खुपतं, तोंडही कोरडं पडतं. योगायोग असा की निरुपमाच्या प्रयोगशाळेत दोन कामं चालतात, एक पडद्यावरच्या पेशींचं आणि दुसरं नेमकं या अश्रुग्रंथींच्या आजाराचं. मंदा तिला विचारायची, "निरू, माझ्यासाठी कधी येईल गं औषध?" आणि निरुपमा दर वेळी तेच सांगायची, "ताई, माहीत नाही. दहा वर्षं लागतील. कदाचित लागूही पडणार नाही. तोवर कृत्रिम अश्रूंचे थेंब सोडू नकोस." खोटा धीर द्यायची तिला सवयच नव्हती.

गेल्या वर्षी त्यांची आई गेली. मंदा तिच्या पायांशी बसून होती, आतून तुटलेली, पण डोळ्यांतून टिपूस आलं नाही. पाणीच नव्हतं तर येणार कुठून? बडोद्यातली आमची मराठी मंडळी म्हणजे चार घरं पलीकडे सगळे एकमेकांचे नातेवाईक. दहाव्यापर्यंत गावभर झालं, थोरलीला आईचं काही वाटलं नाही. मंदा ते कधी विसरली नाही.

रांगेतून ती बापूंसमोर बसली तेव्हा बापूंनी तिचे डोळे निरखले आणि हळू आवाजात म्हणाले, "आंख सुकाई गई म्हणजे कोणासाठी तरी रडायचं राहून गेलं, बेन."

आता असं वाक्य कुणालाही लागू पडतं. प्रत्येकाचं कुणी ना कुणी गेलेलंच असतं. पण मंदाचा चेहरा बदलला. पळी ओतली, मोरपीस फिरलं, पापणी लवली नाही, आणि ओतलेलं पाणी तिच्या गालांवरून ओघळलं. तिने ते बोटाने पुसलं आणि बोटाकडे बघत राहिली. "अहो, पाणी आलं," ती मला म्हणाली.

येताना सेवकांनी प्रत्येकाला घरी वापरायला भगव्या कागदात गुंडाळलेली छोटी बाटली दिली. खुपलं की थेंब घालायचा, दिवसातून कितीही वेळा, आणि दुसरं कुठलंही औषध जवळ करायचं नाही.

बुधवारी संध्याकाळी मंदा आरशासमोर काजळ घालत होती. कित्येक महिन्यांनी घालत होती, कारण निरुपमा जेवायला यायची होती आणि मंदाला आपले बरे झालेले डोळे तिला दाखवायचे होते. काजळाची कांडी घसरली आणि टोक थेट बुबुळाला लागलं. मंदाला ते कळलंच नाही. ती आरशात बघून गुणगुणत राहिली.

मला कळलं. दर गुरुवारी माझ्या दुकानात डोळ्यांचे डॉक्टर बसतात. डोळ्यातला दाब मोजायचा तर यंत्र बुबुळाला टेकवावं लागतं, म्हणून ते आधी एक थेंब घालतात. अर्ध्या मिनिटात डोळा बधिर होतो आणि पंधरा-वीस मिनिटं तसाच राहतो. मी भगवी बाटली घेऊन न्हाणीघरात गेलो, एक थेंब स्वतःच्या डोळ्यात टाकला, तीस मोजले आणि कापसाचा धागा बुबुळाला लावला. काही जाणवलं नाही. करुणाजल म्हणजे साधं डोळा बधिर करायचं औषध होतं. वाटी आधीच भरलेली असायची, बापूंचे दोन-चार अश्रू त्यात पडले काय नि न पडले काय.

मी बाटली खिशात टाकून बाहेर आलो तेवढ्यात निरुपमा आली. आणि जेवताना मंदा तिला म्हणाली, "तुझ्या पंधरा वर्षांत जे झालं नाही ना, ते बापूंनी पंधरा मिनिटांत केलं."

निरुपमाचा घास हातातच राहिला. तिचा चेहरा असा उतरलेला मी जन्मात पाहिला नव्हता. "काय आहे त्या बाटलीत, ताई?" तिने विचारलं.

"करुणा आहे," मंदा म्हणाली. "तुझ्या उंदरांना नाही कळायची."

निरुपमाने माझ्याकडे बघितलं. बाटली माझ्या खिशात होती, उत्तर माझ्या जिभेवर होतं. आणि मी म्हणालो, "मला काय कळतंय? मी आपला चष्मेवाला." त्या रात्री मला छान झोप लागली, हेही लिहून ठेवतो.

रविवारी सांगू असं ठरवलं. रविवारी वाटलं, चार दिवसांनी काय बिघडतंय. निरुपमाचा रोज फोन यायचा, मंदा तो उचलायची नाही, आणि त्यात मला एक गोड समाधान मिळायचं. नऊ दिवस मी गप्प राहिलो. या नऊ दिवसांत मंदा थेंब आठ-आठ, दहा-दहा वेळा घालत होती, कारण औषधाचा असर उतरला की आधीपेक्षा जास्त खुपायचं. निरुपमाने दिलेले थेंब तिने फेकून दिले होते.

शुक्रवारी ती म्हणाली, "उजव्या डोळ्याने जरा धूसर दिसतंय. पण दुखत नाही काही." मी टॉर्च लावून पाहिलं. बुबुळावर मध्यभागी मुगाच्या डाळीएवढा पांढरा ठिपका होता.

मी निरुपमाला फोन केला. ती वीस मिनिटांत आली, डोळा पाहिला, बाटली मागितली, आणि ती देताना त्यात डोळा बधिर करायचं औषध आहे हे मी तिला सांगितलं. "हे तुला कधी लक्षात आलं?" तिने विचारलं. "आजच," मी म्हणालो. त्या परिस्थितीतही मी खोटं बोललो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, बुबुळाला व्रण पडलाय आणि त्यात जंतू शिरलेत. बधिर डोळ्याला खरचटलेलं कळत नाही, त्या औषधाने जखम भरूनही येत नाही, आणि वर सगळ्यांच्या डोळ्यांवरून फिरलेलं ते मोरपीस. बाटली बंद झाली, खरं औषध सुरू झालं. आणि बाटली बंद झाल्याबरोबर इतके दिवस झाकलेली वेदना एकदम उघडी पडली. मंदा रात्रभर तळमळली. तिच्या दृष्टीने हिशेब सरळ होता: बापूंच्या थेंबांनी बरं वाटत होतं, बहिणीने ते हिसकावले आणि डोळा पेटला. रविवारी सकाळी मी दूध आणायला खाली गेलो तेवढ्यात ती उदयसिंहरावांच्या मिनीबसमध्ये जाऊन बसली.

निरुपमाला मी मांजलपूरच्या नाक्यावर स्कूटरवर घेतलं. मांडवात पोचलो तर मंदा पुढच्या रांगेत, डोळ्यावर रुमाल दाबून. आम्ही सरळ व्यासपीठावर चढणाऱ्या रांगेत घुसलो.

आमची पाळी आली. बापूंच्या पाठीमागे फलकावर निरुपमाचा हातभर फोटो होता आणि समोर निरुपमा बसली होती, पण बापूंना ओळख पटली नाही. आपल्या फलकावर कोण आहे हे त्यांनी कधी धड पाहिलंच नव्हतं.

"बोलो बेन, काय तकलीफ?"

"तकलीफ नाही, बापू. मला शिकायचंय," ती म्हणाली आणि शेजारचा माइक उचलला. पर्समधून एक बाटली काढून तिने वर धरली. "ही मी हॉस्पिटलच्या दुकानातून चिठ्ठी देऊन आणली. मी उपास करत नाही, मंत्र येत नाही." तिने डोकं मागे करून एक थेंब फक्त डाव्या डोळ्यात टाकला. "आता तीस मोजा."

लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. मांडव मोठ्याने मोजू लागला. तीस झाल्यावर तिने निर्जंतुक कापसाचं पाकीट फाडलं, धागा ओढला आणि डाव्या बुबुळाला लावला. पापणी लवली नाही. तोच धागा उजव्या डोळ्याजवळ नेला, डोळा कचकन मिटला.

"झालं अभयनेत्र," ती म्हणाली. "कुठल्याही डोळ्यांच्या दवाखान्यात रोज होतात. फरक एवढाच, डॉक्टर ती बाटली कुणाला घरी देत नाहीत. कारण रोज घातली तर डोळा जातो, आणि जाताना दुखतही नाही."

"आ बेन नास्तिक छे," बापू गरजले. "माझ्याजवळ करुणा आहे. मी स्वतः अभय आहे."

निरुपमाने त्यांच्या मांडीवरचं मोरपीस उचललं आणि त्यांच्या चेहऱ्यासमोर धरलं. लावलं नाही, वीतभर अंतरावर नुसतं धरलं. बापूंनी डोळे गच्च मिटून मान मागे घेतली. ते व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या व्हिडिओच्या पडद्यांवर मोठं दिसलं.

पुढचे लोक हसले, मागचे उभे राहिले. मी सेवकाच्या हातातला भगवा रुमाल ओढला आणि हाताशी आलेल्या उदयसिंहरावांच्या नाकाखाली धरला. ते जागेवरच घळाघळा रडू लागले. पुदिन्याच्या अर्काचा वास माझ्याही नाकात भरला.

"पण मला पाणी आलं होतं," खालून आवाज आला. मंदा उभी होती. "निरू, माझ्या डोळ्यातून पाणी आलं होतं."

"ताई, पळीभर ओतलं, ते बाहेर आलं."

"तू जळतेस बापूंवर," मंदा म्हणाली. "तुझ्या हातून झालं नाही ते त्यांनी केलं. तुला माझं बरं झालेलं बघवत नाही."

इतका वेळ दोन हजार माणसांसमोर न डगमगलेल्या निरुपमाने त्या एका वाक्यापुढे माइक खाली ठेवला. आणि मंदा पायऱ्या चढून बापूंच्या वाटीकडे निघाली होती.

मी माइक घेतला. "जळणारा मी आहे," मी म्हणालो. "मंदा, मला अकरा दिवसांपासून माहीत आहे. त्या बुधवारी तू काजळ घातलंस तेव्हाच कळलं. मी ते थेंब माझ्या डोळ्यात घालून पाहिले. तू निरूला घालूनपाडून बोललीस ते मला ऐकायचं होतं, म्हणून गप्प बसलो. शुक्रवारीही खोटं बोललो. तिला तुझं चांगलं बघवतं. मला तिचं बघवत नाही."

मंदा माझ्याकडे बघत राहिली. एक डोळा लालभडक, दुसरा कोरडा. मग ती वळली, निरुपमाचा हात धरला आणि म्हणाली, "चल, दवाखान्यात." माझ्याकडे तिने परत पाहिलं नाही. मांडवातले पन्नासेक लोक आपापल्या बाटल्या व्यासपीठावर ठेवून त्यांच्या मागे निघाले. बाकीचे बसूनच राहिले. हेही खरं तेच सांगतो.

पोलिसांत तक्रार झाली, बाटल्या तपासणीला गेल्या, आणि बापू दोन दिवसांत दिसेनासे झाले. कुठेतरी दुसऱ्या नावाने कानांवर किंवा गुडघ्यांवर उपचार करत असतील. मंदाचा व्रण भरला, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला. त्या डोळ्याने तिला माझ्या दुकानातल्या तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर तेवढं दिसतं. पुढे कुणाच्या नेत्रदानातून नवं बुबुळ मिळेल, तेव्हा बघायचं. निरुपमा अजूनही "माहीत नाही" म्हणते, आणि मंदा आता ते उत्तर ऐकून घेते. ज्याला आपल्याला काय माहीत नाही हे माहीत असतं, त्याच्या हाती डोळे द्यावेत, एवढं ती शिकली.

तेव्हा वाचकहो, माझं मागणं साधं आहे. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं समजू नका. का थांबलं ते विचारा. बाटलीवर औषधाचं नाव नसेल तर ती हातात घेऊ नका. जो प्रश्न विचारल्यावर चिडतो, त्याच्यासमोरून उठा.

आणि एक मागणं माझ्यासारख्यांकडे, ज्यांना युक्ती आधीच कळलेली असते. बापू फसवतात तेव्हा त्यांना मदत भाबड्या माणसांची होते त्याहून जास्त आमची होते. आम्ही मनात हसतो, कुणाची तरी जिरली म्हणून खूष होतो, आणि गप्प बसतो. बोला. हेवेदावे नंतर काढा. निरुपमाचा हेवा मला अजूनही वाटतो, तो जायचा नाही. पण रोज सकाळी मी मंदासमोर चहा ठेवतो तेव्हा ती मान जराशी वळवते, डाव्या डोळ्याने मला बघायला, आणि त्या नऊ दिवसांतला प्रत्येक दिवस मला वेगळा आठवतो.